पर्यटक व्हिसावरचे श्रमदान

रविवार, जळगाव

मुंबईच्या गाडीने पाहुण्या बाई पहाटे उतरल्या. त्या इंग्लंडमधल्या लेस्टरच्या, वय साठीच्या पुढचे, आणि एका अभिलेखागारात जुने कागद दुरुस्त करण्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या. माझी धाकटी बहीण मुलाकडे लेस्टरला गेली असताना तिची त्यांच्याशी ओळख झाली, आणि थोरली बहीण जळगावात ग्रंथपाल होती हे कळल्यावर त्यांनी मला पत्र लिहिले, की खानदेश पाहायला मी येणारच आहे, तर एखाद्या जुन्या ग्रंथालयाला थोडा हातभार लावता येईल का. प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर देण्याआधी मला व्हिसाचे नियम वाचायला बसावे लागले.

भारताच्या ई-पर्यटक व्हिसाच्या मान्य कारणांत स्थळे पाहणे, नातेवाइकांना आणि मित्रांना भेटणे, योगाचा छोटा कार्यक्रम करणे यांच्या जोडीला अल्पकालीन स्वयंसेवी काम हेही एक कारण आहे. त्याच्या अटी दोन: काम जास्तीत जास्त एक महिना, आणि त्याबद्दल पैसा किंवा अन्य कोणत्याही स्वरूपातला मोबदला घ्यायचा नाही. ब्रिटिश नागरिकाला या व्हिसावर एका भेटीत १८० दिवसांपर्यंत राहता येते, म्हणून १८० दिवस श्रमदानही करता येते असा समज कोणी करून घेऊ नये. फिरायची मुदत वेगळी आणि कामाची वेगळी. अर्ज भरतानाच हे कारण स्पष्ट सांगावे असे मी कळवले होते व बाईंनी तसे केले होते, त्यामुळे विमानतळावर विचारपूस झाली तेव्हा त्यांना सांगायला सरळ उत्तर होते.

चहा झाल्यावर मी संगणक उघडला. परदेशी पाहुणा ज्याच्या घरी उतरतो, त्याने २४ तासांच्या आत पाहुण्याची माहिती विदेशी नोंदणी कार्यालयाकडे ऑनलाइन पाठवायची असते. सर्वजण ज्याला ‘सी फॉर्म’ म्हणतात तो हा. हॉटेलवाल्यांना तो ठाऊक असतो, पण आत्या-मावशांच्या घरी परदेशी सून किंवा मुलाचा मित्र उतरतो तेव्हा हा नियम आपल्यालाही लागू आहे, हे फार थोड्यांच्या गावी असते. आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाकडे चालते. पारपत्राची पाने, व्हिसाचा क्रमांक, कुठून आल्या, कुठे जाणार, असे सगळे भरून होईपर्यंत बाई अंगणात शेजारणीने वाळत घातलेल्या बिबड्या पाहत उभ्या होत्या.

सोमवार, जळगाव आणि आसोदे

आज काम नव्हते. सकाळी जैन हिल्सवरचे गांधीतीर्थ पाहिले. २०१२ साली उघडलेले हे संग्रहालय बाईंनी फार सावकाश पाहिले आणि कागदपत्रांवर पडणारा प्रकाश किती मंद ठेवला आहे, याची त्यांनी चित्रांपेक्षा जास्त तारीफ केली. दुपारी आसोद्याला गेलो. बहिणाबाई चौधरींचे हे माहेर. ज्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हते, तिच्या ओव्या मुलाने व नातेवाइकांनी कागदावर उतरवून घेतल्या म्हणून त्या आपल्यापर्यंत पोहोचल्या, हे मी सांगितले तेव्हा आयुष्यभर कागद जपलेल्या माझ्या पाहुण्या बराच वेळ त्याच विषयावर प्रश्न विचारत राहिल्या.

रात्री भरीत, कळण्याची भाकरी आणि ठेचा. जेवताना बहिणीचा फोन आला आणि तिच्या लेस्टरच्या अनुभवाची उजळणी झाली. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला स्वयंसेवा करता येते, पण ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेतच, सगळी मिळून ३० दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि मुळात भेटीचे मुख्य कारण स्वयंसेवा हे नसावे. बहीण मुलाकडे गेली होती आणि दुपारचा वेळ जात नव्हता, म्हणून ती धर्मादाय संस्थेच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात कपडे निवडायला व इस्त्री करायला जाऊ लागली. दुकानाच्या पाटीवर संस्थेचा नोंदणी क्रमांक होता, तो तिच्या मुलाने धर्मादाय आयोगाच्या यादीत पडताळून पाहिला आणि ती कोणत्या तारखांना गेली ते भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून ठेवले. पुढे दुकानाच्या व्यवस्थापिकेने तिला ठरावीक वेळापत्रकावर सही करून कायम यायची गळ घातली, तेव्हा तिने नम्रपणे नकार दिला. तिथले नियम स्वयंसेवक आणि बिनपगारी कामगार यांच्यात फरक करतात. करार, बांधील तास, ठरलेली जबाबदारी असे काही आले की पगार नसला तरी ते काम ठरू शकते. माझ्या मते संपूर्ण विषयाची नस इथे आहे. आपल्याकडे ‘पैसे घेतले नाहीत ना, मग झाले’ एवढ्यावर माणसे थांबतात.

मंगळवार, गिरणेकाठचे गाव

ज्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात काम करायचे होते, त्याचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण पुढे येणाऱ्या काही गोष्टी तिथल्या मंडळींना अवघडल्यासारख्या वाटतील. वाचनालय जुने आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळते, पण ते वृत्तपत्रे, नवी पुस्तके आणि दोन कर्मचाऱ्यांचे तुटपुंजे वेतन यांतच संपते. मागच्या खोलीत लोखंडी कपाटांत जुनी मासिके, पोथ्या, नाटकांच्या प्रती आणि स्वातंत्र्यापूर्वीची खानदेशातली वृत्तपत्रे कोंबलेली होती.

बाईंनी पहिला अर्धा दिवस कशालाच हात लावला नाही. त्यांनी कपाटे उघडून पाहिली, भिंतीला तळहात लावून ओल तपासली, खिडकीतून दुपारचे ऊन कुठपर्यंत येते हे खडूने जमिनीवर आखले. उन्हाळ्यात इथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, पावसाळ्यात हवा दमट होते, आणि हे वर-खाली होणे कागदाला नुसत्या उष्णतेपेक्षा जास्त मारते, असे त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी कसर या कागद खाणाऱ्या किडीचे माग दाखवले, वाळवीचे जुने मातीचे धागे दाखवले, आणि कोणीतरी फाटलेल्या पानांवर प्रेमाने चिकटवलेल्या सेलोटेपच्या पट्ट्या दाखवल्या. त्या पिवळ्या पडून कडक झाल्या होत्या व अक्षरे सोबत घेऊन सुटत होत्या.

काम ठरले ते असे: कपाटे रिकामी करून पुसायची, प्रत्येक पुस्तक मऊ ब्रशने बांधणीकडून बाहेरच्या कडेकडे झटकायचे, अगदी मोडकळीस आलेल्यांना पुठ्ठ्याच्या पेट्या करायच्या, आणि फाटक्या पानांना पातळ जपानी कागद व गव्हाच्या सत्त्वाची खळ लावून जोडायचे. शेवटचे काम बाई स्वतः थोडेच करणार होत्या, कारण त्यांना ते वाचनालयाच्या साहाय्यक ताईला आणि महाविद्यालयातल्या चार-पाच मुलामुलींना शिकवायचे होते. मी दुभाषी.

मुक्कामाचा प्रश्न मात्र संध्याकाळी आला. बसस्थानकाजवळच्या लॉजमालकाने पारपत्र पाहताच हात जोडले. परदेशी पाहुण्यांची ऑनलाइन नोंद करायची सोय त्याच्याकडे नव्हती आणि ती करून घेण्याची इच्छाही दिसली नाही. शेवटी गावातल्या माझ्या मावसभावाकडे उतरलो, आणि त्याच्या नावाने पुन्हा एकदा तोच अर्ज भरायला बसलो. वहिनी म्हणाल्या, “ताई, पाहुण्याला भाकरी वाढायची की अर्ज भरायचा?” दोन्ही केले.

बुधवार ते शुक्रवार, वाचनालय

बुधवारी गावातले बाइंडरकाका आले. पन्नास वर्षे याच वाचनालयाची पुस्तके ते नगावर बांधत आले आहेत. दारात उभे राहून त्यांनी मला विचारले, “मना धंदा बुडावाले उनी का हाई बाई?” म्हणजे, माझा धंदा बुडवायला आली का ही बाई?

हा प्रश्न गमतीचा नव्हता. अनेक देशांच्या नियमांत हीच कसोटी वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेली आहे. ऑस्ट्रेलियाच्या पाहुणा-व्हिसावर स्वयंसेवी काम चालते, पण जे काम एरवी तिथला रहिवासी मजुरी घेऊन करील ते पाहुण्याने फुकटात करायचे नाही. अमेरिकेचा बी-१ व्हिसा मान्यताप्राप्त धार्मिक किंवा ना-नफा धर्मादाय संस्थेत स्वयंसेवेला परवानगी देतो, मात्र वस्तू विकणे आणि देणग्या गोळा करणे त्यात बसत नाही. भारताच्या ई-व्हिसाच्या अटीत मजुराचा असा थेट उल्लेख नाही. नसला तरी काकांचा प्रश्न खरा होता, आणि मी तो जसाच्या तसा बाईंना सांगितला.

त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला आणि त्या दिवसापासून बांधणीच्या एकाही पुस्तकाला हात लावायचा नाही असे ठरवले. ज्यांची बांधणी सुटली होती ती सगळी पुस्तके बाजूला काढून काकांच्या नावे गठ्ठा केला आणि कार्यवाहांना सांगितले, की हे काम यांचेच आहे, यांना नगाचे दर वाढवून द्या. कार्यवाहांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. फुकटचा परदेशी तज्ज्ञ येऊन खर्च वाचवील अशी त्यांची अटकळ होती, आणि इथे खर्च वाढायची चिन्हे दिसू लागली.

गुरुवारी काका स्वतःचा खळीचा डबा घेऊन आले. मैद्याच्या खळीत ते मोरचूद, तांब्याचा निळा क्षार, घालतात, म्हणजे कसर लागत नाही. बाईंनी तो निळसर डबा पाहिला आणि दोघांचा जो वाद जुंपला तो माझ्यामार्फत दुपारपर्यंत चालला. मोरचुदातले तांबे कागदाला आतून कमकुवत करते, कालांतराने तो तपकिरी पडून तुटतो, हे त्यांचे म्हणणे. त्यावर काकांनी आपण चाळीस वर्षांपूर्वी बांधलेला एक खंड कपाटातून ओढून काढला आणि कसरीचे एक भोक दाखवा म्हणाले. भोक नव्हते. बाईंनी तो उघडून खळ लागलेल्या कडेचे पान बोटाने अलगद वाकवले, ते कडेला तुटले. मग काका म्हणाले, कसरीने खाल्ले असते तर पूर्ण पानच गेले असते, कडा तुटली तर अक्षरे तरी राहतात. या उत्तरावर बाई हसल्या आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतले. पुठ्ठ्याला मोरचुदाची खळ आणि पानाला बिनमोरचुदाची, अशी तडजोड झाली. काकांनी ती मान्य केली, पण कपाटात कडुनिंबाचा पाला ठेवायची अट घातली.

शुक्रवारपर्यंत साहाय्यक ताईचा हात बसला. पान ओले न करता खळ किती पातळ लावायची, जपानी कागदाची कड कापायची नाही तर पाण्याची रेघ ओढून फाडायची, म्हणजे तिचे तंतू मोकळे राहतात आणि जोड टोचत नाही, हे तिने बाईंपेक्षा चांगले करायला सुरुवात केली. मुलांपैकी दोघे गळाले. दुपारचा डबा आम्ही मावसभावाकडून नेत होतो. वाचनालयाने जेवण देऊ केले होते, पण काम आणि जेवण यांची सांगड नको म्हणून मी ते टाळले. चहा मात्र टाळला नाही. खानदेशात चहाला नाही म्हणणे कोणत्याही व्हिसाच्या अटींत बसत असेल असे मला वाटत नाही.

शनिवार, चाळीसगाव आणि पाटण

सुटीचा दिवस. चाळीसगावला रेल्वे स्थानकाजवळ केकी मूस यांचे घर आता संग्रहालय आहे. इंग्लंडमध्ये कलेचे शिक्षण घेऊन परतलेला हा छायाचित्रकार आयुष्याचा मोठा भाग या एका घरातच राहिला. टेबलावर रचलेल्या साध्या वस्तूंतून उभी केलेली त्यांची निसर्गदृश्ये बाईंनी खरी समजली होती, आणि कापूस, दगड, फांद्या यांची ती करामत कळल्यावर त्यांनी पहिल्या चित्रापासून पुन्हा पाहायला सुरुवात केली.

तिथून पाटणादेवी. डोंगरांनी तिन्ही बाजूंनी वेढलेल्या या देवळात शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ स्थापला आणि त्याला कोणाकडून काय दान मिळाले, याची नोंद त्यात आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला. विद्येच्या जागेला दिलेले दान दगडावर कोरून ठेवण्याची ही रीत बाईंना फार आवडली आणि वाचनालयाला शंभर पौंड देऊन जावे असा विचार त्यांनी तिथेच बोलून दाखवला.

मला तो मोडून काढावा लागला. परदेशी नागरिकाने भारतातल्या संस्थेला दिलेला पैसा हा २०१० च्या विदेशी अंशदान नियमन कायद्याखाली येतो. संस्थेकडे त्याची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असावी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावी लागते. तालुक्याच्या वाचनालयाकडे यातले काही नसते. रक्कम लहान आहे, रोख आहे, पावती नको आहे, यांपैकी कोणत्याही कारणाने नियम बदलत नाही, उलट पावतीविना घेतलेल्या पैशाने कार्यवाह जास्त अडचणीत येतात. वस्तूंनाही तेच लागू. देवीला मात्र त्यांनी नारळ वाढवला.

रविवार, रावेरकडे

फैजपूरवरून रावेरला निघालो. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन फैजपूरला झाले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, आणि बांबू व स्थानिक सामान वापरून नगराची सजावट नंदलाल बोस यांनी केली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच केळी. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले.

ज्या शेतावर गेलो तिथे निर्यातीचा माल भरायचे काम चालू होते. घड उतरवून फण्या कापायच्या, टाक्यात धुवायच्या, पुसून तेरा किलोच्या खोक्यात रचायच्या, असे काम करणाऱ्या बायांच्या रांगेत आमच्या बाई कुतूहलाने जाऊन उभ्या राहिल्या आणि एक फणी धुऊ लागल्या. शेतकरीदादा हौसेने म्हणाले, “राहू द्या मावशींना आठ दिवस, जेवण-खाण आमच्याकडे.” मी बाईंना बाजूला बोलावले. वाचनालय ही सार्वजनिक संस्था, इथे व्यापारी माल. शिवाय त्या रांगेतल्या प्रत्येक बाईला दिवसाची मजुरी मिळते. जेवणाच्या बदल्यात आठ दिवस फण्या धुणे म्हणजे मजुरी, ती आनंदाने केली तरी. छायाचित्रापुरती एक फणी धुतली आणि त्या खाटेवर येऊन बसल्या.

दादांचा मुलगा कृषी पदवीधर. त्याने हाच विषय उलट दिशेने काढला. न्यूझीलंडला फळबागांवर रोज चार-पाच तास काम केले की राहणे-जेवणे फुकट मिळते, पाहुणा-व्हिसा काढून तीन महिने जाऊन यावे, शिकायलाही मिळेल, असे त्याच्या मित्राने सांगितले होते. मी त्याला जे सांगितले ते इथेही लिहिते, कारण आमच्या भागातल्या बऱ्याच मुलांच्या मनात हे आहे. न्यूझीलंडच्या कायद्यात कामाच्या बदल्यात मिळणारे राहणे-जेवणे हाही मोबदलाच धरतात, त्यामुळे असे काम पाहुणा-व्हिसावर करता येत नाही. शेजारच्या ऑस्ट्रेलियात खऱ्या स्वयंसेवेत राहणे-जेवणे घेतले तर चालते, पण बाकीच्या अटी आहेतच, आणि फळ तोडणे हे तिथे मजुरीचे काम आहे. एका समुद्राच्या दोन काठांवर तोच ताटातला घास एकीकडे आदरातिथ्य आणि दुसरीकडे पगार ठरतो. म्हणून मित्राने सांगितले, कुठेतरी वाचले, यावर जाऊ नये. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून भारतीय तरुणांसाठी वर्षाला १,००० जागांचा काम-आणि-सुटी व्हिसा सुरू केला आहे. वय १८ ते ३०, निवड सोडतीने. त्याने तो मार्ग धरावा. नाव सोडतीत लागले नाही तर वर्ष जाईल, पण विमानतळावर खोटे बोलताना सापडून परत पाठवले गेले तर त्याची नोंद राहते व पुढच्या प्रत्येक देशाच्या अर्जात तो प्रश्न विचारला जातो.

मुलाला हे फारसे रुचले नाही. बाईंनी त्याला विचारले, की तुला तिथे नेमके काय शिकायचे आहे. त्याला छाटणी आणि शीतसाखळी शिकायची होती. मग शेतावर राबण्यापेक्षा पाहुणा म्हणून जा, आठ-दहा बागा बघ, प्रश्न विचार आणि परत ये, हे त्यांचे म्हणणे. बघायला कोणी परवाना मागत नाही.

पुढचा आठवडा

वाचनालयातला दुसरा आठवडा पहिल्यासारखाच गेला. खळ, ब्रश, पेट्या. दोन कपाटे पूर्ण झाली, बाकीची साहाय्यक ताई आता स्वतः करील. मध्ये एका स्थानिक वार्ताहराने बातमी दिली, तिचा मथळा होता ‘वाचनालयात विदेशी तज्ज्ञाची नियुक्ती’. नियुक्ती हा शब्द वाचून मी तासाभरात त्याला फोन केला. पर्यटक व्हिसावरच्या माणसाची नियुक्ती झाल्याचे छापून येणे म्हणजे विनाकारण चौकशीला बोलावणे. त्याने दुसऱ्या दिवशी ‘भेट व मार्गदर्शन’ असे छापले, तेही तिसऱ्या पानावर, जिथे कोणी वाचत नाही.

एक दिवस धुळ्याला गेलो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये त्यांच्या नावाने सुरू झालेले संशोधन मंडळ आणि शंकर श्रीकृष्ण देव यांनी उभारलेले समर्थ वाग्देवता मंदिर पाहिले. गावोगाव पायी फिरून, अडगळीतून आणि कधी वाण्याच्या रद्दीतून दफ्तरे गोळा करणारा एक माणूस, आणि रामदासी मठामठांतून पोथ्या जमवणारा दुसरा. खानदेशात कागद टिकला तो अशा हट्टी माणसांमुळे, आणि त्यांना कोणी महिन्याची मुदत घातली नव्हती. बाईंच्या आमच्याकडच्या दिवसांची तुलना त्यांच्याशी होणार नाही हे बाईंनाही कळत होते. गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, की पाहुण्याने सुरुवात करून द्यावी, पण घर आपले नाही हे विसरू नये.

शहादा आणि तोरणमाळ

शेवटचा टप्पा नंदुरबार जिल्ह्याचा. शहाद्यावरून घाट चढून तोरणमाळला गेलो. यशवंत तलाव, सीताखाई, आणि पहाटे हाडे गोठवणारा वारा. मुक्काम ओळखीच्या शिक्षकांकडे आणि अर्थात पुन्हा एकदा सी फॉर्म.

सातपुड्याच्या एका पाड्यावर शाळा चालवणाऱ्या संस्थेने बाईंना बोलावले होते. संस्थाचालक दादा तळमळीचे. त्यांनी आग्रह धरला, की तीन महिने राहा, मुलांना इंग्रजी शिकवा, राहण्या-जेवणाची सोय आम्ही करतो. मुलेही बाईंभोवती गोळा झाली होती आणि बाईंच्या मनात ते भरले होते, हे मला दिसत होते. व्हिसाच्या अटीत ते तीन ठिकाणी मोडते: महिन्याची मर्यादा, बदल्यात मिळणारे राहणे-जेवणे, आणि शिक्षकाची जागा भरणे हे हंगामी मदतीपेक्षा नोकरीच्या जास्त जवळ जाते. मी एवढे सांगून थांबले नाही. मुले घरी पावरी आणि भिली बोलतात, शाळेत मराठी शिकतात, आणि त्यांना वर्षभर बदलत्या पाहुण्यांकडून इंग्रजी शिकवणे म्हणजे दर तिमाहीला नवी सुरुवात. नियम नसता तरी मी नाही म्हटले असते. दादा थोडे नाराज झाले, मग म्हणाले, “ताई, तुमचं बरोबर आहे, पण इथे वर्षभर राहायला आपलं माणूसही तयार होत नाही, त्याचं काय?” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

मार्ग एक आहे, तो मात्र लांबचा आहे. भारतात नोंदणी असलेल्या स्वयंसेवी संस्थेत बिनपगारी मानद काम करू इच्छिणाऱ्या परदेशी व्यक्तीला रोजगार व्हिसा मिळू शकतो. त्यावर संस्थेचे नाव व कामाचे ठिकाण यांचा विशेष शेरा असतो आणि एरवीची किमान पगाराची अट त्याला लागत नाही. तो आपल्या देशातून अर्ज करून घ्यायचा असतो. इथे बसून पर्यटक व्हिसाचे रूपांतर करून देण्याचा भरवसा कोणी दिला तर तो घेऊ नये.

निरोपाचा दिवस, वाचनालय

कार्यवाहांनी छोटा समारंभ ठेवला. शाल, श्रीफळ, गुलाबाचे फूल, आणि शालीच्या घडीत पाकीट. पाकीट मी तिथल्या तिथे, माइक सुरू असतानाच, परत दिले आणि कारणही सांगितले, म्हणजे मागून कोणी ‘बाईंना मानधन दिले’ असे हिशेबात लिहू नये. शाल घ्यावी की नाही यावर बाईंनी माझ्याकडे पाहिले. सत्काराची शाल मोबदला ठरवील असा अधिकारी अजून जन्माला यायचा आहे असे मला वाटते, म्हणून ती घेतली. नारळाची चटणी वहिनींनी केली.

उरलेला जपानी कागद बाई वाचनालयाला देणार होत्या. संस्थेला परदेशी वस्तू नको म्हणून तो त्यांनी परत पेटीत ठेवला. कागद घडी करायची हाडाची पट्टी मात्र त्यांनी मला वैयक्तिक भेट म्हणून दिली, आणि स्वतःच्या वापरासाठी मिळालेली लहानशी भेट वेगळी असते. ती मी साहाय्यक ताईला वापरायला देते, हा माझा प्रश्न. बाइंडरकाका शेवटी आले. त्यांनी बाईंच्या वहीला कापडी बांधणी करून आणली होती आणि त्याचे पैसे मागितले. बाईंनी ते हसत दिले. दर मात्र वाढवलेला होता.

सातपुड्यातल्या दादांनी आता मानद कामाच्या व्हिसासाठी लागणारे पत्र द्यायचे मान्य केले आहे. त्याचा मसुदा मी लिहायला घेतला आहे. संस्थेचा नोंदणी क्रमांक, कामाचे ठिकाण, कालावधी, पगार नाही हे स्पष्ट शब्दांत, आणि काम शिकवण्याचे नसून शाळेची पुस्तके व मुलांच्या घरच्या गोष्टींच्या नोंदी जपण्याचे आहे, एवढे मुद्दे त्यात आहेत. पावरी शिकवायला कोण तयार होईल हे दादांनी शोधायचे आहे. बाईंनी लेस्टरहून अर्ज करायच्या आधी निदान नमस्कार-चमत्कारापुरती ती भाषा शिकावी, ही अट मी घातली आहे.